सरकारी पैसा सगळ्यांनाच चालतो

जून २०२३ मध्ये प्रसार भारतीने एक हुकूम काढला. पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा आणि तिथली बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून द्यायची. कारण ऐकण्यासारखे होते: पुण्यात पूर्णवेळ अधिकारी नाही. म्हणजे खुर्ची आपणच रिकामी ठेवायची आणि मग खुर्ची रिकामी आहे म्हणून खोलीला कुलूप लावायचे. पुणेकरांनी ओरडा केला, वर्तमानपत्रांनी मथळे दिले, पुढाऱ्यांना अचानक रेडिओ आठवला आणि काही दिवसांतच दिल्लीहून हुकमाला स्थगिती आली. पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले.

मला त्या स्थगितीचा आनंद झाला नाही. एका सहीने बंद होणारी आणि एका फोनवर पुन्हा चालू होणारी बातमी ही मेहेरबानी झाली, तिला सार्वजनिक सेवा कोण म्हणेल? शिवाय पुण्यासाठी ओरडायला पुणेकर होते, आणि ते काम त्यांना उत्तम जमते. उद्या बीडच्या किंवा यवतमाळच्या केंद्राचा गळा असाच आवळला तर मथळा कोण देणार? ती केंद्रे बंद करण्यासाठी हुकूमसुद्धा लागत नाही. माणसे निवृत्त होऊ द्यायची, जागा भरायच्या नाहीत, आणि वेळापत्रकात ‘सहक्षेपण’ हा शब्द वाढवत न्यायचा. केंद्र चालूच असते. फक्त ते तिथले नसते.

मी हे काशीतून लिहितो आहे. दूधविनायकातून. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा, दूधविनायक या पट्ट्यात पेशवाईपासून मराठी घरे आहेत. आमच्या मराठीत निम्मी बनारसी मिसळली आहे, पण गणपतीची आरती अजून मराठीतच होते. रोज सकाळी मी मोबाइलवर आकाशवाणीचे ॲप लावून पुण्याच्या बातम्या ऐकतो. खडकवासल्यातून किती क्युसेक विसर्ग सोडला ते मला घरबसल्या कळते. गंगेचे पाणी ब्रह्माघाटाच्या कितव्या पायरीवर आले, ते पाहायला मात्र जिना उतरून जावे लागते. तंत्रज्ञानाने जग जवळ आणले म्हणतात. आणले असेल. घाट तेवढा लांब गेला.

आता कोणी शहाणा विचारेलच, आणि हल्ली असे शहाणे गल्लोगल्ली आहेत, की करदात्याच्या पैशावर रेडिओ कशाला? लोकांना हवे असेल तर बाजार देईल. ज्या अर्थी बाजार देत नाही, त्या अर्थी लोकांना नको आहे. हा युक्तिवाद इतका गुळगुळीत आहे की हातातून निसटतो. तो हातात धरून ठेवायचा तर थोडा इतिहास लागतो.

हिंदुस्थानात नियमित नभोवाणी सुरू केली ती सरकारने नव्हे. एका खासगी कंपनीने केली. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. मुंबईचे केंद्र, २३ जुलै १९२७, उद्घाटनाला साक्षात व्हाइसरॉय आयर्विन. रेडिओ बाळगायचा तर वर्षाला दहा रुपयांचा परवाना घ्यायचा आणि त्यातला मोठा वाटा कंपनीला जायचा. बाजाराला याहून मोकळे रान कोणी द्यायचे? तीन वर्षे झाली नाहीत तोच, मार्च १९३० मध्ये, कंपनी बुडाली. अख्ख्या देशात परवाने आठ हजारसुद्धा झाले नव्हते. जो श्रोता सेट घेऊ शकत होता तो मूठभर, आणि ज्याला रेडिओची गरज होती त्याच्याकडे दहा रुपये नव्हते. मग विक्रेत्यांनी आणि श्रोत्यांनी सरकारचे दार ठोठावले आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारने नाइलाजाने ते लोढणे गळ्यात घेतले. पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, इंग्रज सरकारने काटकसरीच्या नावाखाली ते बंद करायचा निर्णय घेतला, लोक खवळले, आणि निर्णय मागे घ्यावा लागला. पुण्याच्या प्रकरणाशी साम्य दिसते ना? गोरे गेले, फाइल तीच राहिली.

तेव्हा ‘बाजार करून दाखवेल’ हे वाक्य आमच्या देशात १९३० मध्येच तपासून झाले आहे. कुणी पुन्हा तपासायला निघाले असेल तर खुशाल निघावे, पण नवा शोध लागल्याचा आव आणू नये.

आणखी एक गंमत आहे, आणि मला खरा राग तिचाच येतो. ‘सरकारी पैशावर प्रसारण नको’ असे जे छातीठोकपणे सांगतात, ते कोणाच्या पैशावर जगतात? संसदेत २०२२ साली दिलेल्या उत्तरानुसार केंद्र सरकारने मागच्या पाच वर्षांत जाहिरातींवर साडेतीन हजार कोटींहून अधिक रुपये उधळले. राज्य सरकारांचे आणि महामंडळांचे त्यात धरलेले नाहीत. या पैशाचा मोठा हिस्सा वर्तमानपत्रांना, वाहिन्यांना आणि खासगी एफएमला जातो. तो कुणाच्या खिशातला? करदात्याच्याच. म्हणजे सार्वजनिक पैसा व्यावसायिक माध्यमांना मिळतोच आहे, दणकून मिळतो आहे. त्याला अट फक्त एकच, आणि ती लिहिलेली नसते: तोंड सांभाळा. ज्या पैशाच्या बदल्यात गावाला एक बातमी मिळत नाही, मिळतो तो मंत्र्याचा हसरा चेहरा, त्या पैशाला कोणी अनुदान म्हणत नाही. त्याला म्हणतात महसूल. आणि आकाशवाणीच्या उद्घोषकाला मिळणारे मानधन ही मात्र उधळपट्टी!

म्हणून ‘सार्वजनिक पैसा द्यावा की नाही’ हा वादच मला लबाडीचा वाटतो. पैसा जातोच आहे. तो कुणाच्या घशात जातो आणि बदल्यात आम्हाला काय मिळते, एवढेच विचारायचे उरले आहे.

काय मिळते ते सांगतो. आमच्या बनारसला मिर्ची आहे, रेड आहे, रेडिओ सिटी आहे. आवाज छान, गाणी तीच, विनोद कानपूरचा की नागपूरचा ते ओळखू येऊ नये इतका गोल केलेला. खासगी एफएमवर स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे पुन्हा लावण्याची तेवढी मुभा आहे. जगातल्या सगळ्यात मोठ्या लोकशाहीत मोबाइलवर कोणीही काहीही भकावे, पण परवाना घेतलेल्या केंद्राने नगरपालिकेच्या सभेत काय झाले ते सांगू नये. ट्राय या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये शिफारस केली की तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात. द्याव्यात की. माझा विरोध नाही. पण बंदी उठली म्हणून बातमी उगवत नाही. बातमीला माणूस लागतो, माणसाला पगार लागतो, आणि त्या पगाराला जाहिरातदार लागतो. गल्लीतल्या फुटलेल्या गटाराला प्रायोजक कोण मिळणार? गटाराचा ठेकेदार?

पुराचे घ्या. वाराणसीत गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर, धोक्याची ७१.२६२ आणि १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ पर्यंत चढले होते. हे आकडे इथल्या पोराटोरांना पाठ असतात. पाणी वाढले की राष्ट्रीय वाहिन्यांच्या गाड्या येतात. त्यांना आमच्या पुरातली दोनच दृश्ये हवी असतात: छतावर चाललेली गंगा आरती आणि घाट बुडाल्यामुळे गल्लीत पेटलेली चिता. दोन्ही दृश्ये ‘विकतात’. वरुणेत उलटे पाणी शिरते, तिच्या काठच्या विणकरांच्या वस्त्या बुडतात, मागांच्या खड्ड्यांत पाणी भरते, विणत असलेली साडी सडते, याचे दृश्य कोणालाच नको असते. नाव कुठे लावायची, कोणत्या शाळेत आसरा उघडला, पिण्याच्या पाण्याचा टँकर कुठवर येतो, लहान मुलांचे दूध कुठे मिळते, एवढे सांगायला हेलिकॉप्टर लागत नाही. एक माणूस लागतो, ज्याला कोनिया आणि नक्की घाट कुठे आहेत ते ठाऊक आहे आणि जो बनारसी बोलीत बोलतो. पूर, वीज, पाणी, वाहतूक यांची माहिती द्यायची परवानगी खासगी केंद्रांनाही आहे, हे मुद्दाम सांगून ठेवतो, म्हणजे बंदीच्या आड कोणी लपायला नको. पण खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने त्यांना एका ठिकाणचा कार्यक्रम अनेक शहरांत वाजवण्याची सोय दिली आहे. सोय दिली की कोण सोडतो? एकाच आरजेच्या पगारात दहा शहरे हसवता येत असतील तर दहा आरजे ठेवणारा मालक वेडा ठरेल. मी मालकाला दोष देत नाही. तो दुकान चालवतो. दुकानदाराकडून धर्मशाळेची अपेक्षा करणाऱ्यांना दोष देतो.

आता याच्या उलट बाजूचा हिशोब. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्राने एक मालिका सुरू केली: सीताकांत लाड यांची कल्पना, माडगूळकरांचे शब्द, बाबूजींचे, म्हणजे सुधीर फडक्यांचे, संगीत. आठवड्याला एक गीत, वर्षभर, एकूण ५६. त्या दिवशी कोणत्या साबणाच्या कंपनीने वर्षभराचा करार केला असता? कोणत्या ‘मार्केट रिसर्च’ने सांगितले असते की रेडिओपुढे उदबत्ती लावून बसणारा श्रोता अस्तित्वात आहे? तो श्रोता आधी नव्हताच. तो त्या केंद्राने निर्माण केला. नंतर त्या गीतांवर ध्वनिमुद्रिका, कॅसेट आणि सीडी विकून ज्यांनी पैसे केले त्यांच्या धंद्याचे पहिले भांडवल सरकारी होते, हे लक्षात ठेवावे.

गीतरामायण सगळ्यांना आठवते, म्हणून ते सांगणे सोपे. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, त्याच पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने केलेला प्रयोग कोणाला आठवत नाही. पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. गावोगावी शेतकऱ्यांचे श्रोतृगट केले. त्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर वाद घालायचा आणि शंका केंद्राला लिहून पाठवायच्या. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला, आणि नंतर ही ‘फार्म रेडिओ फोरम’ची कल्पना आशिया-आफ्रिकेतल्या देशांत नेली गेली. आजचे दीडशहाणे ज्याला ‘इंटरॲक्टिव्ह’ म्हणून परिसंवाद भरवतात ते नगर-नाशिकच्या शेतकऱ्यांनी पोस्टकार्डावर करून दाखवले होते. त्याचा खर्च कोणत्याही खतकंपनीने केला नव्हता, म्हणून त्या शेतकऱ्यांना खताबद्दल खरे ऐकायला मिळाले.

आणि काशी? गिरिजादेवी पहिल्यांदा जाहीरपणे गायल्या त्या १९४९ मध्ये अलाहाबाद आकाशवाणीवर, कारण तेव्हा बनारसला केंद्रच नव्हते. महमूरगंजचे केंद्र पुढे साठीच्या दशकात आले. त्याने कजरी, चैती, होरी, बिरहा यांना माइक दिला. भोजपुरीला ती गावंढळ ठरवली जात असताना घरात घेतले. तीच भोजपुरी आता बाजारात काय कमावते आणि कोणत्या शब्दांवर कमावते ते बनारसच्या कुठल्याही लग्नाच्या वरातीत डीजेसमोर पाच मिनिटे उभे राहून ऐकावे. एकाच भाषेची ही दोन रूपे. एकाला जनतेचा पैसा होता, दुसऱ्याला बाजाराचा. फरक मला सांगावा लागू नये.

एवढे म्हटल्यावर आकाशवाणीच्या भक्तांनी माझ्या नावाने टाळ्या वाजवू नयेत. तुमच्याकडेही येतो.

सार्वजनिक पैशाचा आणि सरकारी पैशाचा फरक या देशातल्या एकाही सरकारला कळलेला नाही. किंवा चांगलाच कळला आहे, म्हणून तो पुसण्याचा उद्योग अखंड चालू आहे. आणीबाणीत ऑल इंडिया रेडिओला लोक ऑल इंदिरा रेडिओ म्हणत. १९७७ मध्ये राज्य बदलले, वर्गीज समिती नेमली, तिने ‘आकाश भारती’ नावाच्या स्वायत्त न्यासाची शिफारस केली. शिफारस कपाटात गेली. १९९० मध्ये प्रसार भारती कायदा संसदेने मंजूर केला. तो अमलात यायला १९९७ उजाडले. सात वर्षे एक मंजूर कायदा अंमलबजावणीची वाट पाहत बसला, आणि या सात वर्षांत दिल्लीत बसलेल्या कोणत्याही पक्षाला घाई झाली नाही. मधल्या काळात, फेब्रुवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे; तिच्यावर सरकारची मक्तेदारी नको, धनिकांचीही नको, तिचे नियमन स्वतंत्र सार्वजनिक यंत्रणेने करावे. त्या खंडपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निकालाचे आम्ही काय केले? चारच वर्षांत त्या मालमत्तेचा लिलाव पुकारला. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने आणखी २३४ शहरांतल्या ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, राखीव किंमत ७८४.८७ कोटी. स्थानिक भाषेला, मातृभाषेला चालना मिळेल असे पत्रकात म्हटले होते. चढ्या बोलीने वाहिनी घेणारा माणूस मातृभाषेची सेवा करायला येतो, हे पत्रक लिहिणाऱ्याला खरेच वाटत असेल तर त्याच्या निरागसतेला माझा नमस्कार.

सरकार पैसे देत नाही असेही नाही. जानेवारी २०२३ मध्ये ‘बाइंड’ नावाच्या योजनेला २,५३९.६१ कोटी मंजूर झाले. एफएमचे क्षेत्र ५९ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर, लोकसंख्या ६८ वरून ८० टक्क्यांवर. उत्तम. मनोरे येतील, प्रक्षेपक येतील, उद्घाटनाची फीत येईल. मनोऱ्यावरून बोलायचे कोणी? नैमित्तिक उद्घोषकाला महिन्यात सहापेक्षा जास्त ड्यूट्या द्यायच्या नाहीत, कारण जास्त दिल्या तर तो उद्या कायम नोकरी मागेल! देशभरातल्या केंद्रांचा आवाज ज्या पोरापोरींच्या गळ्यावर चालतो त्यांची ही किंमत. महिन्यातून सहा दिवस गाव ओळखायचे, उरलेले चोवीस दिवस शिकवण्या घ्यायच्या. लोखंडाला अडीच हजार कोटी आणि गळ्याला सहा ड्यूट्या, हे ज्या हिशोबात बसते तो हिशोब प्रसारणाचा नाही, ठेकेदारीचा आहे.

दुसरीकडे प्रसार भारतीला सांगितले जाते, स्वतःचे स्वतः कमवा. मग ती काय करते? डीडी फ्री डिशच्या जागा खासगी वाहिन्यांना लिलावाने विकते. २०२३ च्या लिलावातून हजार कोटींहून जास्त मिळाले. गरिबाघरच्या चार कोटींहून अधिक टीव्ही संचांवर, एक पैसा मासिक भाडे न घेता, जनतेच्या उपग्रहयंत्रणेतून काय पोहोचते? त्याच त्या मालिका, तोच तो आरडाओरडा. सार्वजनिक प्रसारकाने घरमालक व्हायचे आणि भाडेकरूंच्या गोंगाटात स्वतःचे पोर उपाशी ठेवायचे.

छोट्यांचे तर विचारूच नका. नोव्हेंबर २००६ मध्ये सामुदायिक रेडिओ स्वयंसेवी संस्थांना खुला झाला. आपल्याकडे म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ पासून चालते. माणच्या दुष्काळी मातीतल्या बायका तिथे स्वतः माइकवर बोलतात. असल्या केंद्रांना बातम्यांची मनाई आहेच, आणि सरकारी जाहिरातीचा दर २०२४ मध्ये वाढवून किती केला? दहा सेकंदांना ७४ रुपये. वाढवून. माणमधली बाई पाण्याबद्दल बोलते त्या दहा सेकंदांची किंमत दोन प्लेट वडापावाएवढी धरणाऱ्यांनी लोककल्याणावर भाषणे करू नयेत.

पराडकरांची आठवण इथे काढणे मला भागच आहे. बाबूराव विष्णु पराडकर: जन्म काशीचा, घर मराठी, आणि ‘आज’ या हिंदी दैनिकाचे नाव ज्यांच्यामुळे झाले ते संपादक. लक्ष्मण नारायण गर्दे, रा. र. खाडिलकर हेही आमच्याच काशीचे. हिंदी पत्रकारितेचा पाया भरणाऱ्यांत मराठी नावे इतकी का, याचे आश्चर्य महाराष्ट्रात वाटते, इथे वाटत नाही. १९२५ मध्ये वृंदावनला हिंदी संपादकांच्या संमेलनात पराडकरांनी भविष्य सांगितले होते: वर्तमानपत्रे देखणी होतील, जाड होतील, चित्रांनी नटतील, लाखांत खपतील; पण ती काढायला इतके भांडवल लागेल की मालकी धनिकांकडे जाईल आणि संपादकाला आज आहे तेवढेही स्वातंत्र्य उरणार नाही. त्यांच्या नावाची वास्तू काशीत आहे. तिथे पत्रकार परिषदा होतात. भविष्य खरे ठरल्याचे तिथे रोज पाहायला मिळते.

पराडकरांनी बाजाराचा धोका ओळखला आणि सरकारचा तर भोगला. १९३० मध्ये ‘रणभेरी’ हे पत्र भूमिगत राहून निघत होते त्यात त्यांचा हात होता. दोन्ही धोके एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवणारा माणूस आज सापडत नाही. एक म्हणतो सरकार नको, म्हणून अमुक शेठ हवा. दुसरा म्हणतो शेठ नको, म्हणून मंत्री हवा.

बाहेरच्या जगात काय चालते? अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक प्रसारण महामंडळ उभे केले होते. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या संसदेने त्याचे आधीच मंजूर झालेले १.१ अब्ज डॉलर काढून घेतले आणि ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी महामंडळाने गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. न्यूयॉर्कच्या श्रोत्याचे फारसे अडत नाही. तिथे देणगीदार आहेत. अडते ते अलास्कातल्या खेड्याचे, जिथे वादळाचा इशारा द्यायला दुसरे कोणी नाही. राजकारण्याच्या मर्जीवर वर्षावर्षाने मिळणारा पैसा असाच एका मतदानात जातो. ब्रिटनमध्ये बीबीसी परवाना शुल्कातून स्थानिक वार्ताहरांचा पगार देते; ते वार्ताहर खासगी वर्तमानपत्रांत बसतात, नगरपरिषदांच्या सभांना हजर राहतात, आणि त्यांची बातमी योजनेतल्या सर्वांना वापरता येते. म्हणजे सार्वजनिक पैसा आणि खासगी छापखाना यांचे जमू शकते, फक्त पैसा थेट बातमीदाराच्या पगारावर पडला पाहिजे, मालकाच्या ताळेबंदात नाही. न्यूझीलंडने माओरी भाषेच्या प्रसारणासाठी १९९० च्या दशकात वेगळी निधिसंस्था काढली. माओरी जमातींची वीसहून अधिक रेडिओ केंद्रे तिच्या पैशावर चालतात. त्यांना कोणी विचारले नाही की तुमच्या भाषेचा टीआरपी किती.

पण आम्हाला परदेशात जायची गरजच काय? काशीत दगडादगडावर उदाहरण आहे. अहिल्याबाईंनी विश्वनाथाचे देऊळ पुन्हा उभे केले, घाट बांधले, देशभर अन्नछत्रे घातली. हा पैसा होळकरांच्या दौलतीचा नव्हता. तो खासगीचा होता. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे पेशव्यांनी खासगी लावून दिली, ती पुढे अहिल्याबाईंकडे आली. तिचे महाल वेगळे, वसूल वेगळा, हिशोब वेगळा. लढाई लागली तरी दौलतीच्या कारभाऱ्याला त्या थैलीत हात घालायची मुभा नव्हती. म्हणून घाट पुरे झाले. दर मोहिमेनंतर फडणिसाकडे हात पसरावा लागला असता तर आज अहिल्याबाई घाटाच्या जागी नुसता उतार राहिला असता.

प्रसारणाला नेमकी अशी खासगी हवी. कायद्याने बांधलेली, दर वर्षी मंत्रालयाच्या दारात अनुदानासाठी उभे न करणारी, लिलावातून आणि खासगी वाहिन्यांच्या शुल्कातून भरली जाणारी. ७८४ कोटी राखीव किमतीची मालमत्ता जनतेची आहे ना? मग तिचा वसूल जनतेच्या आवाजावर खर्च करा. तो एकत्रित निधीच्या गंगेत सोडून मोकळे होऊ नका. निम्मा पैसा केंद्रापासून शंभर किलोमीटरच्या आतल्या माणसांच्या पगारावरच खर्च झाला पाहिजे, अशी अट घाला. जो मंत्री केंद्राच्या बातमीसाठी फोन करील त्याच्या फोनची नोंद जाहीर करा. आणि खासगी एफएमने मागितले तर त्यालाही यातून द्या. पण वार्ताहरासाठी, जिंगलसाठी नव्हे.

महाराष्ट्राबद्दल बोललो नाही तर लेख अर्धवट राहील. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. मुंबईत ढोल वाजले. बृहन्महाराष्ट्राच्या नावाने अधिवेशने होतात, ठराव होतात, आम्हा काशीकरांना शाल-श्रीफळ मिळते. शाली आता ठेवायला जागा नाही. माझ्या हयातीत आमच्या गावच्या आकाशवाणीवर मराठीचा नियमित अर्धा तास मी ऐकलेला नाही, आणि महाराष्ट्राच्या कोणत्याही सरकारने तो मागितल्याचे माझ्या कानावर आलेले नाही. इंदूर, बडोदा, तंजावर, काशी: प्रत्येक ठिकाणी आकाशवाणीचे केंद्र आहे किंवा हाकेच्या अंतरावर आहे. आठवड्याला अर्धा तास, तिथल्याच माणसांनी तिथल्याच मराठीत केलेला. तंजावरची मराठी पुण्याला हसू आणील, काशीची मराठी हिंदी वाटेल. वाटू द्या. एका अधिवेशनाच्या मांडवाच्या खर्चात असे किती अर्धे तास बसतील याचा हिशोब महाराष्ट्राच्या भाषा विभागाने करून पाहावा. आकडेमोड अवघड नाही.

आमच्यापैकी काही म्हणतात, कशाला मागता, मोबाइलवर सगळे मिळते. मिळते; मुंबईच्या मालिका मिळतात, पुण्याचे पाणी मिळते. ब्रह्माघाटाच्या गणेशोत्सवात शंभराहून अधिक वर्षे जे गायले-बोलले गेले ते कोणाच्या मोबाइलवर आहे? म्हाताऱ्यांच्या घरातल्या कॅसेट बुरशीने गेल्या. ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन जिना चढणारा माणूस कोणत्याही कंपनीने पाठवला नाही, आणि सरकारनेही नाही. कंपनीवर माझा राग नाही, तिचे ते कामच नव्हते. सरकारचे होते.

महाराष्ट्रातले मंत्री काशीला येतात. गंगा आरतीला पुढच्या रांगेत बसतात, विश्वनाथाच्या कॉरिडॉरमध्ये फोटो काढतात, मराठी मंडळींना भेटायचे आहे म्हणतात. जरूर यावे. दूधविनायकात मोटार येत नाही, मैदागिनच्या बाजूने गल्ल्यांतून चालत यावे लागते. तेवढ्या वाटेत हा सगळा हिशोब तोंडी सांगून होईल, आणि मध्ये सांड आडवा आला तर आकडे पुन्हा एकदा सांगता येतील.